नव्या घरात अड्ड्याची जागा

मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून धाकट्या बहिणीचे घर लावायला मीही तिच्यासोबत मिरजेहून पुण्याला गेले. सामानाचा टेम्पो कोंढव्यात पोहोचेपर्यंत असरची वेळ होऊन गेली होती. तिसरा मजला, लिफ्ट इतकी लहान की फ्रीज आणि हमाल एकत्र मावेनात. कपाट, शिलाई मशीन, भांड्यांची पोती, अम्मींनी लग्नात दिलेली पितळी देग, एकेक वस्तू वर येत होती आणि मी दारात उभी राहून सांगत होते, हे आतल्या खोलीत, ते स्वयंपाकघरात. सगळ्यात शेवटी जुन्या चादरीत गुंडाळलेले दोन लांब लाकडी दांडे आले. हमालाने विचारले, "बाई, हे कुठे?"

ते दांडे म्हणजे माझ्या बहिणीचा अड्डा. जरदोसी आणि आरीचे काम करणाऱ्यांना तो सांगायला नको. दोन लांब दांडे, दोन भोके पाडलेल्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये कापड ढोलासारखे ताणून बांधायचे आणि खाली बसून सुईने भरत जायचे. सोडला की चार लाकडे, बांधला की पाच फूट लांबीचा संसार.

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "राहू दे गॅलरीत. आधी मुले रुळू देत. सहा महिने काम बंद ठेव, मग बघू."

ती काही बोलली नाही. दांडे गॅलरीत गेले. एकवीस वर्षे मी शाळेत शिकवते आहे, मुलांविषयी मला थोडेफार समजते असा माझा समज आहे, आणि तो सल्ला मी त्याच अधिकाराने दिला होता. सल्ला चुकला. कसा चुकला ते लिहावे असे बहिणीनेच सुचवले. "माझे नाव घालू नका, बाकी सगळे लिहा आपा," एवढीच तिची अट आहे.

ज्यांनी मिरज पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, तिथे घर आणि कारखाना हे दोन शब्द फारसे वेगळे काढावे लागत नाहीत. सतारमेकर गल्लीतून गेलात तर भोपळे दिसतात, आत कुणी लाकूड तासत असतो, कुणी तारा चढवत असतो, आणि त्याच जागी पोरे खेळत असतात. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारे घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. १९ व्या शतकात तलवारींचे दिवस सरले तेव्हा त्यांनी तेच हात सतार-तानपुऱ्याकडे वळवले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बहिणीचे सासर या व्यवसायातले नाही, पण वारा त्याच गावचा. तिच्या सासूबाई टोप्यांवर भरतकाम करायच्या, त्यांनीच सुनेला पहिल्यांदा अड्ड्यावर बसवले. सोप्यात अड्डा, शेजारी धाकट्याचा झोळणा, समोर अंगणात जावांची मुले. बहीण दबका टाके भरत असताना मूल रडले तर कुणीतरी उचलायचे. तिने किती तास काम केले याचा हिशोब तिने कधी ठेवला नाही, कारण तो ठेवावाच लागला नाही.

मग मेहुण्यांना पुण्यात नोकरी लागली. वर्षभर ते एकटे राहिले, दर शनिवारी रात्रीच्या गाडीने यायचे. मुले त्यांना पाहुणा समजू लागली तेव्हा दोघांनी ठरवले की आता एकत्र राहायचे.

घर मिळायला चार महिने गेले. फोनवर भाडे, अनामत, सगळे ठरायचे आणि नाव सांगितले की घर कालच दुसऱ्याला दिलेले असायचे. हा अनुभव वाचकांपैकी अनेकांच्या घरात आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. शेवटी ओळखीतून ही जागा मिळाली. करारनामा मात्र मेहुण्यांनी नोंदणी करूनच घेतला. आपल्याकडे अजूनही कित्येक जण तोंडी बोलीवर किंवा नुसत्या स्टॅम्प पेपरवर घर घेतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे अकरा महिन्यांचा करारसुद्धा लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. फक्त एक गोष्ट त्या कागदात राहून गेली. बहीण घरात भरतकाम करते हे कुणी मालकाला सांगितलेच नाही. सांगायची वेळ पुढे आली.

आता माझ्या सल्ल्याचे काय झाले ते.

पहिले पंधरा दिवस सामान लावण्यात गेले. जूनमध्ये थोरलीची शाळा. ती मिरजेत उर्दू माध्यमात पहिली पास झालेली. कोंढव्यात उर्दू शाळा आहे, पण घरापासून रिक्षाच्या अंतरावर. इंग्रजी शाळेची पाटी मात्र गॅलरीतून दिसते. मेहुण्यांचे मन त्या पाटीकडे ओढत होते. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे माझे मत सगळ्यांना आधीच माहीत होते, तरी सांगितले. गाव बदलले, घर बदलले, आजी-आजोबा सुटले, चुलत भावंडे सुटली. त्याच महिन्यात मुलीची भाषाही बदलू नका. निदान चौथीपर्यंत तिला ज्या भाषेत वाचता येते त्या भाषेत राहू द्या, मराठी आपण घरी पक्की करू. (हा सल्ला मात्र चुकला नाही, हे आपले सांगून ठेवते.) जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेत थोडी कुरकुर झाली. तेव्हा मी फोनवरून समजावले की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ५ आहे. मूल एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल तर दाखला यायला उशीर झाला या कारणासाठी प्रवेश अडवता येत नाही, आणि मागितल्याबरोबर दाखला देणे हे जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांचे काम आहे. शिक्षक असूनही आमच्यातल्या कित्येकांना हे ठाऊक नसते. मुलगी दुसऱ्या दिवसापासून वर्गात बसली.

शाळेचे जमले, पण मुलगी रुळली नाही. रात्री उठून बसायची. साडेतीन वर्षांचा धाकटा आईचा पदर सोडेना, ती न्हाणीघरात गेली तरी दाराबाहेर रडत बसायचा. बहिणीला दिवसभर दुसरे काम नव्हते. स्वयंपाक, धुणी, मुले, आणि पुन्हा मुले. ती त्यांना चोवीस तास देत होती, मी सांगितले होते तसे. पण फोनवर तिचा आवाज कोरडा झाला होता. एकदा म्हणाली, "आपा, मी इथे कुणाचीच कुणी नाही. मिरजेत लोक म्हणायचे, जरीवाली भाभी. इथे मी फ्लॅट नंबर ३०४."

जूनमध्येच सांगलीच्या एका जुन्या गिऱ्हाईकाचा फोन आला. मुलीच्या लग्नाचे चार ब्लाऊज, हात आणि पाठ पूर्ण भरलेली. बहिणीने नाही म्हटले. ते गिऱ्हाईक दुसरीकडे गेले आणि परत आले नाही. कारागिराचे नाव हे त्याच्या गल्लीत असते, गाव सोडले की ते नाव मागे राहते, आणि जे थोडे सोबत आलेले असते तेही "आत्ता नाही" म्हटले की संपते. हे मला तेव्हा समजले नव्हते.

जुलैत आणखी दोन गोष्टी झाल्या. पुण्याचा पाऊस गॅलरीत तिरपा येतो. चादर भिजली, चादरीतले दांडे भिजले आणि त्यातला एक वाकला. वाकलेल्या दांड्यावर कापड सारखे ताणले जात नाही, म्हणजे तो गेलाच.

दुसरी गोष्ट मोठी. कामाचे साहित्य, मोती, कटदाणा, टिकल्या, कुंदन, हे सगळे मिरजेहून ज्या खोक्यांत आले होते त्याच खोक्यांत आतल्या खोलीत पडले होते. काम बंद, मग लावायचे कशाला? एका दुपारी बहिणीचा डोळा लागला आणि धाकट्याने खोके उघडले. संध्याकाळी त्याच्या एका नाकपुडीतून पाणी येऊ लागले, तो सारखा नाक चोळत होता. टॉर्च लावून पाहिले तर आत पांढरा मोती. मेहुणे चिमटा घ्यायला धावले. अल्लाहची मेहरबानी, की शेजारच्या दारात उभ्या असलेल्या खालांनी ओरडून थांबवले. चिमट्याने मोती आत सरकतो. त्या स्वतः रिक्षातून सोबत गेल्या, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आकड्याच्या हत्याराने मिनिटभरात मोती काढला. ज्या घरांत असले बारीक काम चालते त्या घरांनी एवढे लक्षात ठेवावे: नाकात, कानात काही गेले की घरी कोरत बसू नये. आणि गिळले असेल, त्यातून ते चुंबकाचे मणी किंवा घड्याळातला बारीक सेल असेल, तर सकाळपर्यंतही थांबू नये.

त्या रात्री बहिणीचा फोन आला. मला वाटले, आता ही काम कायमचे सोडते म्हणणार. ती म्हणाली, "आपा, मिरजेत सात वर्षे मोती घरात होते. कधी असे झाले नाही. कारण तिथे मोत्याला जागा होती."

मी गप्प बसले. पुढे तिने सांगितले ते आणखी लागले. थोरलीने तिला विचारले होते, "अम्मी, आपण परत घरी कधी जायचे?" बहीण म्हणाली, हेच आपले घर. त्यावर मुलगी म्हणाली, "मग अड्डा का नाही?" धाकटा तर अड्ड्याखालीच मोठा झालेला. ताणलेल्या कापडाखाली निजून वरून होणारी सुईची टकटक ऐकत झोपायची त्याला सवय. आम्ही त्याचे अंथरूण आणले, खेळणी आणली, आजीची गोधडी आणली, आणि ज्याखाली तो झोपायचा तेच गॅलरीत भिजत ठेवले.

ऑगस्टमध्ये मी दोन दिवसांसाठी गेले. मेहुण्यांशी बोलायचे होते. माणूस भला आहे, पण त्यांचे म्हणणे होते, आता पगार पुरतो, मग गरज काय? त्यातून परक्या बायका घरात येणार, त्यांना सोडायला पुरुष येणार. बहीण चहा घेऊन आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "गरज पैशाची आहे असे मी कुठे म्हटले? तुमचा पगार पुरतोच. पण मी रिकामी राहिले की तुमच्या मुलांवर ओरडते." मेहुणे हसले आणि मग खरे बोलणे सुरू झाले.

आपल्या घरांत हा प्रश्न नेहमी चुकीच्या टोकापासून सुरू होतो असे मला वाटते. बाईने कमवावे का, हे आपण घरखर्चाला जोडतो. शरीअतने घरखर्च पतीच्या जबाबदारीत टाकला आहे आणि पत्नीची कमाई पत्नीची ठेवली आहे. दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये, ३२ व्या आयतीत, पुरुषांना त्यांच्या कमाईचा हिस्सा आणि स्त्रियांना त्यांच्या कमाईचा हिस्सा असल्याचे सांगितले आहे. हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापार आपण भाषणांत सांगतो, कारण तो मोठा होता. हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) यांचे मात्र कमी सांगतो. त्या हाताने काम करीत, चामडे कमावीत आणि शिवीत, आणि मिळेल ते सदका करीत. प्रेषितांच्या (स.) घरातली ही गोष्ट आहे. तिथे गरजेचा प्रश्न कुणी काढला नाही. मेहुण्यांना मी एवढेच सांगितले. परक्या माणसांची त्यांची काळजी मात्र खोटी नव्हती, तिचे उत्तर शोधणे भाग होते.

घर दोन खोल्यांचे. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली सोफा होता. उजेड सगळा तिथेच. जरीच्या कामाला दिवसाचा उजेड लागतो, ट्यूबखाली सोनेरी आणि तांबूस यांतला फरक कळत नाही. म्हणून सोफा उचलून दारामागच्या अंधाऱ्या भिंतीला लावला. तो निर्णय घ्यायला दोघांना दोन दिवस लागले, कारण पाहुणा आल्यावर आधी सोफा दिसला पाहिजे असे आपल्या मनात कुठेतरी असते. खिडकीखाली अड्डा बांधला. नवा दांडा सुताराकडून करून घेतला.

साहित्याला झाकणाच्या बरण्या आणि बरण्यांना वरची फळी, मुलाच्या हाताला न लागणारी. सुया आणि कात्री कुलपाच्या डब्यात. आरीच्या सुयांची मोजणी, काम सुरू करताना किती आणि उठताना किती, हे रोज. शिवाय हार्डवेअरच्या दुकानातून एक चुंबक आणले आहे, त्याला दोरी बांधली आहे. मगरिबच्या आधी थोरली ते चुंबक सतरंजीवरून फिरवते. सुई सापडली तर तिला खजूर मिळतो. (सुरुवातीला खजुरासाठी ती स्वतःच टाचण्या टाकून ठेवायची, ते लगेच पकडले गेले.) नक्षी कापडावर उतरवायला पूर्वी बहीण नीळ रॉकेलमध्ये कालवून टोचलेल्या खाक्यावर फिरवायची. बंद खोल्यांच्या घरात मुलांजवळ रॉकेल नको म्हणून आता ती छापणीचे काम रविवार पेठेत करून घेते. बोहरी आळीत मोती-टिकल्या घ्यायला पंधरवड्यातून एकदा जायचे असतेच, त्याच फेरीत कापड छापून येते.

वेळेची गोष्ट सगळ्यात अवघड गेली. सासरी चार जणी होत्या, इथे ती एकटी. तिने दिवस नमाजांच्या वेळांवर बांधला. फजरनंतर मुले उठेपर्यंतचा सव्वा तास बारीक कामाचा. थोरली शाळेत आणि धाकटा बालवाडीत असताना दोन तास. जोहरनंतर धाकटा अड्ड्याखाली झोपतो तेव्हा एक तास. असरपासून पुढे काम नाही. मगरिबनंतर अड्ड्यावर चादर टाकली जाते आणि मग कुणी कितीही घाईचे गिऱ्हाईक असो, चादर उचलत नाही. साधारण चार-सव्वाचार तास होतात. मिरजेत कदाचित सहा व्हायचे, पण हे चार तास ती मोजून करते.

गिऱ्हाइकांसाठी दाराबाहेर हाताने लिहिलेली पाटी आहे, अकरा ते साडेबारा, फक्त महिला. सोबत आलेले पुरुष खाली थांबतात. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलामाशिवाय जाऊ नये असे सांगितले आहे, आणि ५८ व्या आयतीत तर घरातल्या लहान मुलांनीही तीन वेळांना परवानगी घेऊनच आत यावे असे शिकवले आहे: फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून विश्रांती घेतो तेव्हा, आणि इशानंतर. ही आयत मी शाळेत कितीदा शिकवली. पण लहानशा घरात व्यवसाय चालवताना ती किती उपयोगी पडते, हे बहिणीच्या घरी समजले. आता थोरली आतल्या खोलीचे दार वाजवून जाते आणि घरमालकापेक्षा मोठ्या ऐटीत गिऱ्हाइकांना सांगते, "साडेबारा झाले."

पहिले काम त्याच शेजारच्या खालांनी आणले, त्यांच्या नातीच्या निकाहचा दुपट्टा. मोत्याच्या प्रसंगाने दोन घरे जोडली गेली होती. बहिणीने पैसे घ्यायला संकोच केला. खाला म्हणाल्या, "फुकट केलेस तर दुसऱ्यांदा मी येणार नाही आणि मला हक्काने सांगताही येणार नाही." फार शहाणे बोलणे होते. आपल्याकडे नातलगांची पहिली अपेक्षा ही की घरचीच आहे, दुआ घेईल. दुआ घ्यावीच, पण दबका दुआवर मिळत नाही. त्यानंतर बहिणीने एक वही घातली. कापड कुणाचे, साहित्य किती, आगाऊ किती, कधी द्यायचे, आणि खाली दोघींच्या सह्या. काही जणींना सही करणे आवडत नाही, "विश्वास नाही का?" असे विचारतात. सूरह बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे आणि ती कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. बहीण आता तेवढेच सांगते. एका ऑर्डरमध्ये ब्लाऊजच्या रंगावरून वाद झाला, तेव्हा वहीने वाचवले. दुसऱ्या एका ऑर्डरमध्ये वही असूनही आठशे रुपये बुडाले. तेही होते.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा जिन्यात विचारले, तुमच्याकडे बायका फार येतात, काय चालते? मेहुण्यांनी त्याच संध्याकाळी बहिणीला सोबत घेऊन त्यांचे घर गाठले. करारनाम्यात राहिलेली गोष्ट तिथे सांगितली, घरमालकालाही फोन लावून दिला. आवाज नाही, वास नाही, माल उतरत नाही, दीड तासात दोन-तीन बायका येतात. सेक्रेटरींच्या पत्नीने मध्येच विचारले, पैठणीच्या ब्लाऊजवर मोर भरून मिळेल का? विषय संपला. तरी मी म्हणेन, हे आधी सांगायला हवे होते. लपवलेले काम वाईट काम वाटू लागते.

भांडवलाचा प्रश्न दिवाळीच्या आधी आला. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, त्यासाठी साहित्य एकदम भरावे लागते. कुणी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुचवली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत शिवणकाम आहे. प्रशिक्षण काळात रोजचे ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पुढे पहिल्या टप्प्यात एक लाखाचे कर्ज ५ टक्के व्याजाने. बहीण शिवणकामही करते, पण व्याज म्हटल्यावर तिने कर्जाचा विचार सोडला. प्रशिक्षण आणि अवजारांची मदत घेण्यासाठी कर्ज घ्यावेच लागते असे नाही, हे मी तिला सांगितले. त्याचा विचार चालू आहे. उद्यम नोंदणी मात्र तिने करून घेतली. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, एजंटला पैसे देण्याचे कारण नाही. भांडवल शेवटी आमच्या मोठ्या भावाने कर्ज-ए-हसना म्हणून दिले, वीस हजार, सहा महिन्यांच्या बोलीवर. भावाने लिहून घ्यायला नकार दिला. बहिणीने वहीत लिहिले आणि त्याच्यापुढे धरले. त्याने डोळे वटारून सही केली.

ते वीस हजार फेब्रुवारीत फिटले. पहिल्या वेळी एकट्या तिच्या कमाईतून फिटलेले कर्ज. रमजानमध्ये तिने आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच केली. बरण्या खाली काढून त्यांतल्या मालाची किंमत मांडली. मिरजेत तिचे साहित्य सासूबाईंच्या हिशोबात जायचे, स्वतःची जकात काढण्याची वेळ आली नव्हती. मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. त्यांनी सांगितले, अड्डा, मशीन, कात्री ही अवजारे, त्यांवर जकात नाही. विकण्यासाठी ठेवलेले मोती, जरी आणि तयार माल धरायचा, हातातली रोकड आणि दागिने मिळवायचे, आणि निसाब पूर्ण होऊन वर्ष लोटले असेल तर अडीच टक्के. हिशोब रात्री इशानंतर चालला. मेहुणे बरण्या तोलत होते, बहीण लिहीत होती. मी तेव्हा तिथेच होते. धाकटा जागा होता, तोही एक रिकामी बरणी घेऊन तोलायला बसला.

मुले रुळली का, असे आता मला कुणी विचारले तर थोरलीचे उत्तर सोपे आहे, ती वर्गात दुसरी आली आणि तिला मराठीत गोष्टी वाचता येतात. धाकट्याचे तसे सांगता येत नाही. तो अजून रात्री कधी कधी उठतो. पण बालवाडीत बाईंनी घराचे चित्र काढायला सांगितले तेव्हा त्याने एक लांब चौकोन काढला, त्याच्या खाली स्वतःला आडवे काढले, आणि वर कुठेतरी एक मोठा हात. बाईंना वाटले, मूल पलंगाखाली का लपते आहे? बहिणीला शाळेत बोलावून विचारपूस झाली.

एप्रिलअखेर अकरा महिने संपतात. मालकांना भाडे वाढवून हवे आहे, तेवढे परवडत नाही, म्हणून दुसरी जागा पाहणे सुरू झाले आहे. गेल्या रविवारी मीही सोबत गेले. दलाल स्वयंपाकघरातला नवा ओटा दाखवत होता, पाणी चोवीस तास आहे असे सांगत होता. मेहुणे ऐकत होते. बहीण त्या दोघांना सोडून पुढच्या खोलीत गेली होती. आम्ही मागोमाग गेलो तर तिने पर्समधून शिवणकामाची टेप काढली होती. एक टोक थोरलीच्या हातात, दुसरे स्वतःच्या, आणि दोघी खिडकीखालची भिंत मोजत होत्या.